रेसकोर्सच्या तबेल्यातले पहिले पाऊल

इंडियन डर्बीच्या दिवशी महालक्ष्मीच्या पॅडॉकमध्ये घोडे फिरवले जातात, तेव्हा प्रेक्षकांची नजर घोड्यावर, जॉकीच्या रंगीत रेशमी पेहरावावर आणि रिंगणात उभ्या असलेल्या मालकमंडळींवर खिळलेली असते. घोड्याच्या डाव्या खांद्याशी, हातात लगाम धरून चालणारा माणूस मात्र सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. शर्यतींच्या पुस्तिकेत घोड्याचे नाव असते, त्याच्या आईबापांची नावे असतात, मालक, ट्रेनर आणि जॉकी यांची नावे असतात. या माणसाचे नाव नसते. तो सईस. घोड्याला पहाटे पहिले पाणी पाजणारा आणि रात्री शेवटचा त्याच्या पायांवरून हात फिरवणारा. घोड्यांच्या ओढीने रेसकोर्सवर काम करावे असे वाटणाऱ्या तरुणांची वाट बहुधा या माणसाच्या बाजूने सुरू होते, आणि ती तेथूनच सुरू व्हावी हे योग्यही आहे.

पुण्या-मुंबईच्या वाचकाला रेसकोर्स म्हणजे पैज, हे समीकरण इतके पाठ झालेले असते की त्यापलीकडे तेथे एक मोठा पशुपालनाचा व्यवसाय चालतो, हे सहज विसरले जाते. महाराष्ट्रात या व्यवसायाची सूत्रे रॉयल वेस्टर्न इंडिया टर्फ क्लबकडे आहेत. मुंबईतल्या शर्यती पूर्वी भायखळ्याला होत. महालक्ष्मीचे मैदान १८८३ मधले. पुण्याच्या लष्कर भागातले, एम्प्रेस गार्डनच्या शेजारचे मैदान त्याहूनही जुने. साधारणतः नोव्हेंबर ते एप्रिल मुंबईचा हंगाम आणि पावसाळ्यात जुलैपासून दिवाळीच्या आसपासपर्यंत पुण्याचा, असा हा क्रम आहे. हंगाम बदलला की घोडे गाड्यांमधून घाट चढतात किंवा उतरतात आणि त्यांच्याबरोबर त्यांची माणसेही. या कामाला लागणाऱ्याने वर्षातून दोनदा बिऱ्हाड हलवण्याची मनाची तयारी ठेवावी, ही पहिली गोष्ट. कुटुंब एका शहरात आणि आपण दुसऱ्या, अशी कित्येकांची वर्षे जातात.

दुसरी गोष्ट नीट समजून घेण्याजोगी आहे, कारण नवख्यांची गफलत येथेच होते. रेसकोर्सवर काम करणारा प्रत्येक जण क्लबचा नोकर नसतो. क्लब शर्यती भरवतो, मैदान राखतो, नियम करतो, परवाने देतो आणि नियम मोडणाऱ्यांना शिक्षा करतो. घोडा असतो मालकाचा. मालक तो ट्रेनरच्या हवाली करतो आणि त्याच्या शिक्षणाचा व खुराकाचा खर्च दरमहा देतो. तबेला चालवतो ट्रेनर, आणि सईस, घोडा पळवणारे 'राइडिंग बॉय', त्यांच्यावर देखरेख करणारा जमादार किंवा 'हेड बॉय' ही सारी माणसे ट्रेनरच्या हाताखाली काम करतात. म्हणजे नोकरी मागायची ती क्लबच्या कचेरीत नव्हे, तर ट्रेनरकडे. क्लबची भूमिका नंतर येते. आवारात ये-जा करण्यासाठी लागणारा पास, ओळखपत्र आणि तपासणी या बाबी त्याच्याकडे असतात.

मराठ्यांच्या घोडदळात दोन प्रकारचे स्वार असत. स्वतःचे घोडे घेऊन चाकरीला येणारा तो शिलेदार आणि सरकारी घोड्यावर बसणारा तो बारगीर. रेसकोर्सवरची जवळजवळ सगळी माणसे बारगीर आहेत. आज जिवापाड जपलेला घोडा उद्या मालकाने विकला, दुसऱ्या ट्रेनरकडे हलवला किंवा हैदराबादला धाडला, तर सईसाला विचारण्याचा रिवाज नाही. जीव लावल्याखेरीज हे काम होत नाही, आणि लावलेल्या जिवावर कोणताही हक्क सांगता येत नाही. पगाराच्या आकड्याहून ही गोष्ट अधिक जड जाते, असे जुने सईस सांगतात.

प्रवेश कसा मिळतो? आजवरची रूढ वाट ओळखीची आहे. बाप सईस, चुलता जमादार, म्हणून मुलगा तबेल्यात, अशा पिढ्या येथे आढळतात. महाराष्ट्राच्या ग्रामीण भागातून आलेली माणसे येथे आहेत, तशीच राजस्थान आणि उत्तर प्रदेशातून आलेलीही. ओळख नसेल, तर ट्रेनरच्या कार्यालयात किंवा जमादाराकडे सरळ जाऊन काम मागणे हाच उपाय. 'मला घोडे आवडतात' या वाक्याचा तेथे फारसा उपयोग होत नाही. 'पहाटे चारला येईन, लीद उचलीन, सांगाल ते करीन' याचा होतो. एखाद्या घोड्याची जबाबदारी लगेच मिळत नाही. आधी थाणांची सफाई, पाणी, गवत, मग शांत स्वभावाचा एखादा वयस्क घोडा फिरवायला, असा क्रम असतो.

ज्याला रेसकोर्सचा हा उंबरठा एकदम ओलांडणे अवघड वाटते, त्याच्यासाठी स्टड फार्मचा मार्ग आहे. थरोब्रेड घोड्यांची पैदास करणारी देशातील काही नामवंत केंद्रे पुण्याच्या परिसरात आहेत. पूनावाला स्टड १९४६ मधले, आणि येरवडा, मांजरी, नानोली ही नावेही शर्यतींच्या शौकिनांना परिचित आहेत. तेथे घोड्या विततात, शिंगरे वाढतात, त्यांना मुसक्या बांधून चालायला शिकवले जाते. शिंगराशी वागायला शिकलेला माणूस मोठ्या घोड्याला सहसा घाबरत नाही आणि घाबरवतही नाही. (याच पैदासकेंद्रांमधून निवृत्त घोडे हाफकिन संस्थेला प्रतिविष बनवण्यासाठी दिले जात, त्यातूनच पुढे १९६६ मध्ये सीरम इन्स्टिट्यूटची कल्पना साकारली. लशींच्या जगड्व्याळ कारखान्याचे मूळ घोड्याच्या पागेत आहे, हे किती जणांना ठाऊक असेल!) ज्यांना केवळ बसायला शिकायचे आहे, त्यांच्यासाठी महालक्ष्मीवरच १९४२ पासूनचा अॅमॅच्युअर रायडर्स क्लब आहे. मात्र हौसेची घोडेस्वारी आणि शर्यतीच्या घोड्याची चाकरी या दोन निराळ्या गोष्टी आहेत.

आता प्रत्यक्ष कामाविषयी. तबेल्यातला दिवस सूर्याची वाट पाहत नाही. उजाडण्यापूर्वी सईस थाणापाशी पोचतो आणि सर्वांत आधी गव्हाणीत डोकावतो. रात्रीची चंदी संपली आहे की उरली आहे, यावरून घोड्याची रात्र कशी गेली ते कळते. शर्यतीचा निरोगी घोडा सहसा अन्न टाकत नाही. टाकले तर ती पहिली खूण. मग लीद पाहायची, पाणी किती प्यायला ते पाहायचे, ताप मोजायचा. घोड्याचे शरीराचे तापमान साधारणतः साडेसदतीस ते साडेअडतीस अंश सेल्सियस असते; विश्रांतीतल्या नाडीचे ठोके मिनिटाला २८ ते ४४ आणि श्वास ८ ते १६. हे आकडे नवख्याने पाठ करावेत, पण त्याहून महत्त्वाचे म्हणजे आपल्या घोड्याचे नेहमीचे आकडे कोणते हे ओळखावे. नंतर चारही पायांवरून, गुडघ्याखालच्या शिरांवरून, तळहात सावकाश खाली न्यायचा. कालच्यापेक्षा आज एखादी जागा गरम लागली, किंचित भरल्यासारखी वाटली, तर ते जमादाराला तेव्हाच सांगायचे. हे सांगण्याचे धैर्य हा या नोकरीतला मोठा गुण आहे. कारण त्या दिवशी घोडा जोरात पळायचा ठरलेला असतो, मालक पाहायला येणार असतो, आणि 'याचा पाय गरम आहे' हे कोणालाच ऐकायचे नसते. पायाच्या मागच्या बाजूची कंडरा एकदा फाटली की तो घोडा कित्येक महिने, काही वेळा कायमचा, मैदानाबाहेर जातो.

घोड्याजवळ कसे जावे, हे पहिल्या दिवशीच शिकवले जाते आणि पहिल्या महिन्यातच विसरले जाते. बहुतेक अपघात त्या विसरण्यातून होतात. घोड्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्याने त्याला जवळजवळ सभोवतालचे दिसते. मात्र थेट शेपटीमागचा आणि कपाळासमोरचा अगदी जवळचा भाग त्याला दिसत नाही. म्हणून मागून मुकाट्याने जायचे नाही. आधी हाक मारायची, मग डाव्या खांद्याच्या बाजूने जायचे, मानेवर हात ठेवायचा. नाकाला एकदम हात लावायचा नाही. मागे जावेच लागले तर एक तर पुरेसे अंतर ठेवून, नाही तर अंगाला अंग लावून, पाठीवर हात ठेवून. मधल्या अंतरावर लाथेचा जोर सर्वांत जास्त असतो. दोर कधीही हाताला गुंडाळायचा नाही, कारण बिथरलेला पाचशे किलोंचा घोडा गुंडाळलेल्या दोरासकट बोटे घेऊन जातो. त्याच्या पायाशी मांडी घालून बसायचे नाही. पाय धुताना, पट्टी बांधताना उकिडवे राहायचे, म्हणजे क्षणात बाजूला होता येते. पायात बंद बूट हवेत. अंगठ्या, कडी घरी ठेवावीत. धनुर्वाताची लस घेतलेली असावी, कारण तबेल्याची माती आणि अंगावरची जखम यांचे सख्य चांगले नाही.

खोगीर चढले की घोडा राइडिंग बॉयच्या हवाली होतो. काही घोडे नुसते रिंगणात चालतात, काही दुडक्या चालीने जातात, काही वाळूच्या धावपट्टीवर सहाशे किंवा आठशे मीटर वेगाने पळवले जातात. ट्रेनर हातात स्टॉपवॉच घेऊन उभा असतो. बाहेरच्याला यातला वेगवान भाग तेवढा दिसतो, पण घोडा घडतो तो चालण्याने. वेगाने पळून आल्यावर त्याचा श्वास शांत होईपर्यंत त्याला फिरवणे, मग आंघोळ घालणे, अंगावरचे पाणी पट्टीने निपटणे आणि पुन्हा फिरवणे, ही सईसाची सकाळ. भाकरी का करपली, पान का सडले, घोडा का अडला, या जुन्या कोड्याचे 'न फिरवल्यामुळे' हे उत्तर आपण लहानपणी पाठ केलेले असते. त्यामागे पक्के शरीरशास्त्र आहे. रोज मेहनत करणाऱ्या घोड्याला एखादा दिवस उभे ठेवले, खुराक मात्र पूर्ण दिला आणि दुसऱ्या दिवशी एकदम कामाला जुंपले, तर त्याच्या पार्श्वभागाचे स्नायू आखडतात, तो जागच्या जागी थिजतो, लघवी गडद तांबूस होते. रविवारच्या सुटीनंतर हे घडे म्हणून इंग्रजांच्या काळात याला सोमवारचा आजार म्हणत. सुटीच्या दिवशी चंदी कमी आणि फेरफटका नक्की, हा नियम त्यामुळेच पडला.

खाण्याच्या बाबतीतला नियम याहून कडक आहे. घोड्याचे शरीर अवाढव्य असले तरी जठर लहान असते आणि त्याला ओकारी होत नाही. जे चुकीचे गेले ते पुढेच सरकणार, वाटेत अडले तर पोटशूळ उठणार. ओट, भिजवलेला हरभरा, कोंडा, लसूणघास, वाळके गवत हे सारे थोडे थोडे, दिवसातून अनेक वेळा, ठरल्या वेळी द्यायचे. खुराकात बदल करायचा तर आठवडाभर हळूहळू. घोडा वारंवार आपल्या पोटाकडे वळून पाहू लागला, पायाने जमीन उकरू लागला, सारखा बसू-उठू लागला की धावत जाऊन पशुवैद्याला बोलवायचे. घरगुती काढा पाजत बसायचे नाही. पोटशूळ हे घोड्याच्या मृत्यूचे एक प्रमुख कारण आहे आणि त्यात तास मोजले जातात. रात्री दोन वाजता थाणातली ही धडपड ऐकू यावी म्हणून तबेल्याजवळ झोपणारा माणूस लागतो. तो माणूस बहुधा सईसच असतो.

दुपारी तबेला निवांत होतो. तिसऱ्या प्रहरी पुन्हा काम सुरू होते. खरारा करणे, आयाळ-शेपूट विंचरणे, खुरांच्या तळव्यातली घाण काढणे, पायांना पट्ट्या बांधणे. खराऱ्याकडे नवखे लोक केवळ स्वच्छतेचे काम म्हणून पाहतात. प्रत्यक्षात ती तपासणी असते. बारीकशी सूज, कातडीवरचा चट्टा, हात लागताच चमकणारा एखादा स्नायू त्या वेळी सापडतो. एका घोड्याचा ब्रश दुसऱ्याला वापरायचा नाही, कारण नायट्यासारखे रोग त्यातूनच पसरतात. ग्लँडर्ससारखा, माणसालाही होऊ शकणारा आणि बाधित घोड्याला मारावेच लागते असा रोग २००६ मध्ये महाराष्ट्रात पुन्हा आढळला होता. त्यामुळे नाकातून येणारा चिकट स्राव किंवा अंगावरचे न भरणारे व्रण लपवणे हा केवळ निष्काळजीपणा राहत नाही. पट्टी बांधणे हे दिसायला सोपे आणि करायला अवघड. घट्ट झाली तर कंडरेला इजा, सैल झाली तर धावताना पायात अडकणार. ते महिनाभर नुसते पाहावे, मग जमादाराच्या देखत बांधावे.

या कामात हात जितका स्वच्छ हवा, तितकीच नियतही. शर्यतीनंतर घोड्याची लघवी किंवा रक्त तपासले जाते. निषिद्ध द्रव्य म्हटले की कोणी तरी काळोखात सुई टोचतो असे चित्र डोळ्यांपुढे येते. पण चहा-कॉफीतले कॅफीन, चॉकलेटमधले थिओब्रोमीन हेही निषिद्ध आहेत. हातातला बिस्किटाचा तुकडा प्रेमाने घोड्याला देणे, उष्ट्या चहाची किटली गव्हाणीजवळ ठेवणे, स्वतः सर्दी-अंगदुखीची गोळी घेऊन थाणातल्या गवतावर लघवी करणे, अशा गोष्टींमुळे परदेशात घोडे दोषी ठरल्याची उदाहरणे आहेत. घोडा बाद होतो, बक्षीस जाते, ट्रेनरचा परवाना धोक्यात येतो आणि पहिला संशय सईसावर जातो. दुसरा मोह बातमीचा. 'उद्या तुमचा घोडा कसा आहे?' असे विचारणारे, चहा पाजणारे, हळूच नोटा पुढे करणारे लोक रेसकोर्सच्या भोवती कायम असतात. जॉकीला पैज लावण्याची मनाईच आहे. तबेल्यातल्या इतरांनीही या वाऱ्याला उभे राहू नये. पगार संपेपर्यंत पैज लावणारा सईस आधी उधारीत अडकतो आणि मग त्याच्या घोड्याची बातमी कोणाच्या मालकीची होते, हे सांगायला नको.

बहुतेक तरुणांच्या डोळ्यांपुढे मात्र जॉकी असतो. त्याची वाट वेगळी आहे आणि तिचे दार फार अरुंद. शर्यतीत घोड्याच्या पाठीवर जायचे वजन बहुधा पन्नास ते साठ किलोंच्या दरम्यान ठरवून दिलेले असते, आणि त्यात खोगीरही मोजतात. म्हणून जॉकीचे स्वतःचे वजन पन्नासच्या आसपास, किंबहुना त्याहून कमी असावे लागते. देशातले मोठे क्लब उमेदवार जॉकींसाठी प्रशिक्षण शाळा चालवत आले आहेत. त्यांच्या जाहिराती निघतात तेव्हा वय, उंची आणि वजनाच्या अटी आधी वाचाव्यात. बापाचा हात आणि पंजा पाहून मुलगा पुढे किती वाढेल याचा अंदाज बांधणारे जाणते ट्रेनर असत, आणि ते फारसे चुकत नसत. उमेदवाराला, म्हणजे अॅप्रेंटिसला, शर्यतीत वजनाची सवलत मिळते. ती मिळते तोवर ट्रेनर त्याला घोडे देतात. ठरावीक विजयांनंतर सवलत संपते आणि त्याला नावाजलेल्या जॉकींच्या बरोबरीने उभे राहावे लागते. अनेकांची कारकीर्द त्याच वळणावर थांबते. उरलेले पुष्कळ जण राइडिंग बॉय म्हणून सकाळी घोडे पळवतात. त्यांच्याकडे अपयशी जॉकी म्हणून पाहणे अन्यायाचे आहे. शर्यतीच्या दिवशी जॉकी पाठीवर असतो तो जेमतेम दोन-अडीच मिनिटे. त्या घोड्याला मांड, लगाम आणि गर्दीची सवय लावतो तो राइडिंग बॉय.

वजनासाठी उपाशी राहणे, गरम कपड्यांत घाम काढणे, पाणी तोडणे हे या पेशाचे काळे अंग आहे. कोवळ्या वयात याची सवय लागली तर मूत्रपिंडांपासून हाडांपर्यंत साऱ्याला किंमत मोजावी लागते. आणि पडण्याचा धोका तर रोजचाच. १९७९ मध्ये महालक्ष्मीवर शर्यतीत पडून ऐन विशीच्या उंबरठ्यावरील गुणी जॉकी कार्ल उमरीगर यांचा अंत झाला, ही आठवण जुने शौकीन अजून काढतात. हेल्मेट आणि छातीचे संरक्षक कवच यांत तेव्हापासून पुष्कळ सुधारणा झाली असली, तरी ताशी साठ किलोमीटरच्या वेगाने धावणाऱ्या घोड्यांच्या घोळक्यात पडलेल्या माणसाला ती पुरी पडेलच असे नाही. दुसऱ्या बाजूला पेसी श्रॉफ यांच्यासारखे उदाहरणही आहे. जॉकी म्हणून डर्ब्या जिंकून पुढे त्यांनी ट्रेनर म्हणूनही त्या जिंकल्या. मुलींसाठी हे दार आता बंद राहिलेले नाही. चेन्नईच्या रूपा सिंग यांनी जॉकी म्हणून शर्यती जिंकून दाखवल्या. तरीही तबेल्यात मुलींसाठी स्वतंत्र स्वच्छतागृह आणि निवासाची सोय आहे का, हा प्रश्न कोणत्याही मुलीने आणि तिच्या पालकांनी आधी विचारावा.

शिक्षण असलेल्यांना आणखीही वाटा आहेत. परळच्या मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालयाची स्थापना १८८६ ची. पशुवैद्यकाची पदवी साडेपाच वर्षांची आहे. घोड्यांचे डॉक्टर होण्यासाठी त्यानंतर अनुभवी डॉक्टरच्या मागे हिंडण्याची काही वर्षे वेगळी. नालबंदाचे काम तर आज मागणी असूनही माणसे नसलेले काम आहे, असे म्हणावे लागेल. दर चार ते सहा आठवड्यांनी प्रत्येक घोड्याचे खूर तासून नाल बदलावे लागतात. शर्यतीसाठी अॅल्युमिनियमचे हलके नाल ठोकतात. खिळा एका केसाने आत गेला तर घोडा लंगडतो, म्हणून चांगल्या नालबंदाला ट्रेनर सांभाळून ठेवतो. ट्रेनर होण्याची इच्छा असलेल्याने काही वर्षे सहायक म्हणून काढावीत. परवाना क्लब देतो आणि त्यासाठी अनुभवाबरोबर घोडे देणारे मालकही पाठीशी असावे लागतात. माणसे सांभाळता येत नसतील, तर घोड्यांचे ज्ञान तेथे एकटे पुरत नाही.

आता एक प्रश्न टाळून चालणार नाही. वयाच्या विसाव्या वर्षी या धंद्यात शिरलेला तरुण चाळिशीला पोचेल, तेव्हा हा धंदा असेल का? महालक्ष्मीच्या जमिनीचा भाडेकरार २०१३ मध्ये संपला आणि त्यावर दहा वर्षे वाद चालला. अखेर २०२४ मध्ये सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर सार्वजनिक उद्यानासाठी मुंबई महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे अशी वाटणी ठरली. चेन्नईतील गिंडीच्या रेसकोर्सचा ताबा तमिळनाडू सरकारने त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये घेतला. शहराच्या मध्यावर मोकळी राहिलेली जमीन कोणाच्याही डोळ्यांत भरणारच, आणि मोकळ्या हवेसाठी गुदमरलेल्या मुंबईकराला उद्यान हवे असेल तर त्यात गैर काही नाही. दुसरा घाव कराचा. घोड्यांच्या शर्यती हा कौशल्याचा खेळ आहे असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये म्हटले, पण करआकारणीत त्या जुगाराच्याच रांगेत बसल्या. २०१७ पासून पैजेवर २८ टक्के वस्तू व सेवा कर होता. सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के झाला. अधिकृत खिडकीवरची पैज महागली की ती बेकायदा बुकीकडे वळते, तेथे कर नाही आणि क्लबला उत्पन्नही नाही. क्लबचे उत्पन्न घटले की बक्षिसे घटतात, मालक घोडे कमी ठेवतात आणि थाणे रिकामी पडतात. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदीमुळे शर्यती थांबल्या, तेव्हा पैजा थांबल्या. घोड्यांची चंदी थांबवता येत नव्हती, खरारा थांबवता येत नव्हता. त्या महिन्यांत उत्पन्नावाचून तबेला चालवणे म्हणजे काय, हे या धंद्याने पाहिले.

म्हणूनच काम पत्करण्यापूर्वी तरुणाने काही गोष्टी संकोच न करता विचारून घ्याव्यात. पगार दरमहा कोण देणार, ट्रेनर की अन्य कोणी? पुण्याहून मुंबईला गेल्यावर राहण्याची जागा कोणती? भविष्यनिर्वाह निधी आणि कर्मचारी विमा लागू आहे का? लाथ बसून हाड मोडले, तर रुग्णालयाचा खर्च आणि घरी बसलेल्या दिवसांचा पगार कोण देणार? घोडा जिंकला, तर बक्षिसातला सईसाचा वाटा ठरलेला आहे की मालकाच्या मर्जीवर? एका माणसाकडे किती घोडे? दोन-तीन घोडे नीट होतात. त्याहून अधिक दिले तर खराऱ्यातली तपासणी संपते आणि नुसती धूळ झटकणे उरते. आणि घोडा निवृत्त झाल्यावर तो कोठे पाठवला जातो, हेही एकदा विचारून पाहावे. काही घोडे पैदासकेंद्रात जातात, काही घोडेस्वारीच्या शाळांत, काही पोलो किंवा पोलिसांच्या पथकात. काहींच्या नशिबी लग्नाच्या वराती आणि चौपाटीच्या गाड्या येत. मुंबईत त्या व्हिक्टोरिया गाड्या न्यायालयाच्या २०१५ च्या निकालाने बंद झाल्या. ज्या ट्रेनरला या प्रश्नाचे उत्तर घोड्यागणिक देता येते, त्याचा तबेला उमेदवारीसाठी आधी निवडावा. जाण्याची वेळ मात्र हंगाम सुरू होण्यापूर्वीची धरावी. पुण्यासाठी मे-जून, मुंबईसाठी दिवाळीच्या आधीचे दिवस. नवे दोन वर्षांचे घोडे तबेल्यात येत असतात आणि माणसांची गरज तेव्हाच सर्वाधिक असते.